पाडलेल्या भिंतींचे मार्क

गवंड्याला दिवाळी अंकात लिहायला सांगतात, म्हणजे यांचा कोणीतरी नेहमीचा लेखक आयत्या वेळी आजारी पडला असणार. असो. माझं शिक्षण तिसरी. चौथीत पंधरा दिवस बसलो, मग बापाने दामू मिस्त्रीच्या हाताखाली चिरे उचलायला घातलंन. अक्षर माझं आहे, काना-मात्रा नातीने सुधारल्यात. मजकुरात हात घालायचा नाही असं तिला बजावलंय. संपादकांनाही तेच सांगणं.

चाळीस वर्षं बांधकाम केलं ते इथे सांगत बसत नाही. रत्नागिरीत माझ्या भिंती उभ्या आहेत, बघून घ्या. सांगायचंय ते त्यानंतरचं, म्हातारपणी मला मास्तर केलं तेव्हाचं. सात वर्षं मी मास्तर होतो.

शहराबाहेर एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र होतं. शिवण, वायरिंग, नळकाम आणि गवंडीकाम. सहा महिने शिकायचं, शेवटी परीक्षा, पास झालात की सर्टिफिकेट. गवंडीकामाला त्यांच्याकडे डिप्लोमा झालेला माणूस होता, पण त्याचं सगळं शिक्षण विटेवर. आमच्याकडे वीट कोण लावतो? आमच्याकडे चिरा. तांबडा, भोकाभोकाचा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा-पाऊस खाऊन घट्ट होत जातो. एकेक चिरा उचलताना कंबर बोलते. तो लावायला शिकवणारा त्यांना मिळेना, म्हणून मला बोलावलं. केंद्राच्या मॅडमनी फॉर्म भरताना विचारलं, ‘शिक्षण?’

‘तिसरी.’

पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘अनुभवी व्यक्ती’. तो शब्द मला आवडला. तिसरीपेक्षा बरा वाटला.

पहिल्या महिन्याच्या शेवटी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. वीस जणांची नावं, पुढे चौकोन. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. मी सहा जणांना दहा दिले, चौदा जणांना शून्य.

‘काका, असं नाही चालत. कोणाला पाच, कोणाला सात…’

‘बाई, भिंत सरळ असते नाहीतर वाकडी असते. सात मार्कांची सरळ भिंत कशी असते ती मला दाखवा, मी बांधून देतो.’

त्या हसल्या. कागद नेला आणि चौकोन स्वतःच भरले. चौदा शून्यांचे सहा-सहा झाले. पुढे दर महिन्याला हेच. मी शून्य लिहायचं, त्यांनी त्याला शेपूट जोडून सहा करायचं.

आता माझी शिकवायची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येकाने एक कोपरा बांधायचा. कोपरा म्हणजे काटकोनात मिळणाऱ्या दोन भिंती, पाच थरांच्या, कमरेएवढ्या. सिमेंट नाही, नुसता मातीचा चिखल, कारण तेच चिरे दुसऱ्या दिवशी परत लागायचे. म्हणजे आमच्या वर्गात बांधलेली प्रत्येक भिंत पाडायचीच असायची. संध्याकाळी मी ओळंबा आणि पहार घेऊन निघायचो. ओळंबा म्हणजे दोरीला लोखंडी वजन आणि वर एक लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला टेकवायचा, वजन खाली सोडायचं. वजन भिंतीला घासलं किंवा भिंतीपासून लांब लटकलं, की समजायचं भिंत कुठेतरी कलली. सरळ असली तर मी पुढच्या भिंतीकडे जायचो. वाकडी असली तर पहारेचं टोक वरच्या सांध्यात घालून थरच्या थर लोटून द्यायचो. तोंडातून शब्द नाही. फार तर, ‘परत.’

दामू मिस्त्रीने मला असंच शिकवलंन. कधी एका शब्दाने सांगितलंन नाही की काय चुकलं. मी ढिगाऱ्याशी बसून शोधत राहायचो. दोन वर्षांनी सापडलं. मला वाटायचं, शिकायचं तर असंच. मला कोणी आयतं दिलं नाही, मी कशाला देऊ?

चौथ्या वर्षी नितीन सर आले. चिपळूणचे, नवीन डिप्लोमा, गवंडीकामाचा लेखी भाग शिकवायला. पोरगेलेसे, पण मी त्यांना सरच म्हणायचो, कारण ते मला काका म्हणायचे आणि चहा स्वतः आणून द्यायचे. दोन आठवडे त्यांनी माझं भिंती पाडणं बघितलं. मग एकदा चहा देताना म्हणाले, ‘काका, भिंत का पाडली ते त्यांना सांगता का?’

‘भिंतच सांगते.’

‘पडल्यावर काय सांगणार ती?’

मी चहा तसाच ठेवला. मला राग आला की मी चहा घेत नाही, हे तोवर सगळ्या केंद्राला माहीत झालं होतं.

त्या शनिवारी सतरा भिंती पाडल्या. हात-पाय धुऊन सगळे बसले असताना सरांनी प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला. म्हणाले, ‘आज काकांनी तुमची भिंत का पाडली, एका ओळीत लिहा. नाव लिहू नका. मार्क नाहीत.’ मग कपटे गोळा केले आणि माझ्यासमोर वाचायला लागले.

‘चहा गार होता म्हणून.’

‘मी लांज्याचा. काकांना लांजेकर चालत नाहीत.’

‘गुडघा दुखला की पाडतात.’

‘नशीब.’

मुलं खाली माना घालून हसत होती. तिघांनी बरोबर लिहिलं होतं: ओळंब्यात नव्हती. आठ जणांनी एकच लिहिलं होतं: माहीत नाही. ते आठ कपटे सरांनी एकामागून एक, आवाज न चढवता वाचले. माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, ‘सर, माझी परीक्षा घेतलीत काय?’

‘नाही काका. तुमची नाही, त्यांचीही नाही. शिकवलेलं पोचलं की नाही, एवढंच बघितलं.’

‘नाही पोचलं.’

‘मग आता कुठे नाही पोचलं ते कळलं ना? सोमवारी तिथूनच सुरू करू.’

मी सोमवारी गेलो नाही. मंगळवारीही नाही. बायको म्हणाली, ‘ताप आहे तर अंथरुणावर पडा, नाही तर कामावर जा. ओटीवर बसून मला कशाला बघताय?’ मी अंगणाच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्याकडे, कुंपणाच्या भिंतीकडे, बघत होतो. आठ माणसं महिनाभर चिरे उचलतायत, मी पाडतोय, ती परत उचलतायत, आणि कशासाठी ते त्यांना माहीत नाही. जनावराला राबवतात तसं मी त्यांना राबवलं होतं. आणि मला अभिमान होता, की मी कडक मास्तर आहे.

बुधवारी गेलो. पहार कोपऱ्यात ठेवली. ओळंबे मुलांच्या हातात दिले. म्हटलं, ‘आजपासून मी पाडणार नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याची भिंत तपासायची. कुठल्या थरापासून चुकली तिथे खडूने रेघ मारायची आणि का चुकली ते त्याला तोंडाने सांगायचं. त्यानेही तुमची तपासायची. मग मला हाक मारा. मी भिंत बघणार नाही, तुमची रेघ बरोबर आहे का ते बघणार.’ आणि दुसरा नियम केला: दर थराला आपला ओळंबा आपण लावायचा, आणि चूक सापडली तर आपल्या हाताने, चुकलेल्या थरापर्यंत चिरे उतरवून परत लावायचे. सगळी भिंत पाडायची नाही. चूक आहे तिथवरच.

सरांनी चहा आणून दिला, मी घेतला. ही युक्ती माझीच, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. इथे लिहितो की निम्मी त्यांची होती.

फरक पडला. जो दुसऱ्याची चूक खडूने दाखवतो, तो स्वतःचा चिरा ठेवताना दोनदा बघतो. एकमेकांची बोलूनही चांगली जिरवायचे. ‘मेल्या, ही भिंत हाय की पूर्णगडाचा उतार?’ असं एकाने म्हटलंन, तर दुसऱ्याने म्हटलंन, ‘तुझ्या भिंतीवरून घसरून इथं पडलोय म्हणून दिसतोय तुला.’ महिनाअखेरीस मी कागदावर शून्य लिहायचं बंद केलं. मार्कांच्या जागी थराचा आकडा लिहायचो: हा तिसऱ्यात चुकतो, तो पाचव्यात. मॅडमना त्याचं काय करावं कळेना. सरांनी सांगितलं, ‘राहू द्या. सगळ्या कागदांत हाच एक कागद वाचून काहीतरी कळतं.’

आता प्रकाशचं.

प्रकाश माझ्या सातव्या आणि शेवटच्या वर्षाच्या तुकडीत होता. गाव पूर्णगडच्या बाजूला. वय चौतीस, वर्गात सगळ्यांत मोठा. बारा वर्षं मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. बायको आणि पाचवीतली मुलगी गावाला. तो गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला चार दिवस घरी. मुलगी त्याला बघून आवशीच्या पाठी लपते, म्हणायचा. गावाकडच्या एका कंत्राटदाराने त्याला शब्द दिला होता: सरकारी काम आहे, सर्टिफिकेटवाला मुकादम दाखवावा लागतो, सर्टिफिकेट आण, तुला ठेवतो. म्हणून वॉचमनकी सोडून आला होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, ‘काका, तेवढं सर्टिफिकेट हातात पडलं की मी परत मुंबईची गाडी बघायचा नाय.’

हात मंद होता त्याचा. पण दर थराला ओळंबा सोडायचा, न चुकता. बाकीचे चिडवायचे, ‘प्रकाशदादा, ओळंब्याशी लगीन लावलंस काय?’ तो म्हणायचा, ‘लगीन एकच झालंय. तिच्याजवळ ऱ्हायला मिळावं म्हणून ही खटपट.’ सुरुवातीचे दिवस सोडले तर सहा महिन्यांत त्याच्या भिंतीवर कोणाला खडू उचलावा लागला नाही.

परीक्षेला परीक्षक बाहेरचा येतो. आम्ही शिकवलेल्यांना आम्ही पास-नापास करायचं नाही, असा नियम. ठीक आहे. चार तासांत एक कोपरा, पाच थर. दहा वाजता सुरू करायचं, दोनला संपवायचं. परीक्षक साडेअकराला आले. तरुण गृहस्थ, वागायला सभ्य, हातात टॅब्लेट. त्यांना त्याच दिवशी राजापूरला दुसरं केंद्र उरकायचं होतं. चिखलाचे हात धुऊन एकेकाने त्या काचेवर बोट लावून प्रश्न सोडवायचे. प्रश्न विटेचे. विटेची लांबी किती, हेल्मेट कुठल्या रंगाचं. चिऱ्याचा एक नाही.

प्रकाश प्रश्न सोडवून परत आला. चौथा थर पुरा केलान, ओळंबा सोडलान आणि थांबला. मी लांबून बघत होतो. परीक्षा चालू असताना मला बोलायला बंदी होती. त्याने परत सोडलान. मग खाली बसला आणि खडूने रेघ मारलीन. तिसऱ्या थरात, कोपऱ्यालाच, चिरा चौथ्याच्या भाराने सुपारीएवढा बाहेर आला होता. सुपारीएवढा! बाहेरचा कोणी बघितलं तर दिसणारही नाही. त्याने घड्याळाकडे बघितलंन. बारा वाजायचे होते. दोन तास होते हातात, पुरत होते. त्याने चौथा थर उतरवलान, तिसरा उतरवलान, आणि चिखल खरवडायला लागला.

माझी छाती अशी भरून आली म्हणून सांगू. भर परीक्षेत, कोणी न सांगता.

साडेबाराला परीक्षक उठले. ‘मला निघावं लागेल. एक वाजता सगळ्यांचे फोटो घेतो. माणूस भिंतीशेजारी उभा पाहिजे.’

‘वेळ दोनपर्यंत आहे,’ नितीन सर म्हणाले.

‘सर, राजापूरला तीस जण बसलेत. बघा ना, बहुतेकांचं झालंय.’

झालं होतं. एक वाजला तेव्हा एकोणीस कोपरे पाच थरांचे उभे होते. त्यातल्या सहांचा कल मला नुसत्या डोळ्याने दिसत होता; वेळ कमी केल्यावर त्यांनी शेवटचे थर कसेतरी चढवले होते. ओळंबा कोणाच्या भिंतीला लागला नाही. फोटोला ओळंबा लागत नाही. एकेकाचा फोटो, एकेकाला हिरवी खूण. प्रकाशपाशी आले. दोन थर पक्के, तिसऱ्याचा पहिला चिरा त्याच्या हातात.

‘हे काय?’

‘साहेब, चूक सापडली. उतरवून लावतोय. दोन वाजेपर्यंत होईल.’

‘मला यात अपूर्ण लिहावं लागेल हो.’ त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते मी कबूल करतो. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, ‘दादा, असं करा. तीन थर नुसते रचा. चिखल नको, काही नको. फोटोत पाच दिसले की झालं. मला कोणाला नापास करायची हौस नाही.’

प्रकाश चिरा हातात धरून तसाच उभा. त्याने माझ्याकडे बघितलंन. सरांनीही माझ्याकडे बघितलं.

मी बोललो. ‘तो माझ्या हाताखालचा आहे. तो नुसते रचायचा नाही.’

‘काका, त्यांना बोलू द्या,’ सर म्हणाले.

‘मी बोलतोय तेच तो बोलतोय.’

प्रकाशने चिरा खाली ठेवलान. परीक्षकांनी दोन थरांचा फोटो घेतला.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. जेवण चांगलं गेलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हे लिहायला लाज वाटते, पण खाल्ल्या.

निकालात एकोणीस पास. फेरपरीक्षा पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे सहा महिन्यांनी. सर मॅडमना घेऊन वरच्या ऑफिसात जाऊन आले, अर्ज दिला. उत्तर आलं की फोटोत काम अपूर्ण दिसत आहे. कंत्राटदार सहा महिने थांबणारा नव्हता. त्याने त्याच तुकडीतला एक मुलगा मुकादम म्हणून घेतलान. तो त्या सहा वाकड्यांपैकी एक. मुलगा वाईट नाही, पण प्रकाशचा एकेक थर होईपर्यंत हा दोन थर चढवून मोकळा होणारा. प्रकाश पंधरा दिवसांत मुंबईला गेला. जुनी सोसायटी भरली होती, दुसरीकडे लागला. फेरपरीक्षेला रजा मिळाली नाही.

सर मला एकदाच बोलले. आवाज चढवला नाही. ‘काका, परीक्षा त्याची होती. तुमची नव्हती.’

मी त्यांना म्हटलं, ‘मग खोटी भिंत उभी करायला सांगायला हवं होतं मी?’

‘तुम्ही काहीच सांगायला नको होतं.’

त्याच वर्षी वरून नवीन नियम आला: शिकवणाऱ्यानेही परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं. म्हणजे मी त्या काचेवर बोट लावून हेल्मेटचा रंग सांगायचा. सरांनी खूप समजावलं, ‘मी शेजारी बसतो, प्रश्न वाचून दाखवतो.’ मी नाही दिली. पहार, ओळंबा, थापी घरी घेऊन आलो. लोक समजतात मी त्या नियमाला चिडून सोडलं. समजू देत. खरं म्हणजे पुढच्या तुकडीपुढे उभं राहून, चूक सापडली की उतरवून लावा, हे सांगायला माझं तोंड उघडेना.

या परीक्षा घेणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो जायचा नाही. ज्या परीक्षेत चूक शोधणारा नापास आणि झाकणारा पास, ती घेण्यापेक्षा सगळ्यांना कागद वाटून टाका, चिरे तरी उचलायचे वाचतील. पण नुसता त्यांच्यावरचाच राग असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो बोलून दाखवायला मला अंक लागत नाही, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज बोलतो.

यंदा गणपतीत प्रकाश आला. अंगणात बसला. मुलगी आठवीत गेली म्हणालान. मी केंद्राचं काढलं, सरांचं काढलं, पावसाचं काढलं. तो हूं हूं करत होता. मग म्हणाला, ‘काका, एक विचारू?’

‘विचार.’

‘त्या दिवशी तुम्ही माझ्या वतीने कसं काय बोललात?’

 म्हटलं, ‘का? तू रचले असतेस काय?’

‘होय.’

‘नुसते?’

‘तीन थर नुसते. फोटो झाला की काढलेच असते, काढायचेच होते. नायतरी तिथे कुठली भिंत दुसऱ्या दिवशी उभी असायची? मग सर्टिफिकेट खिशात घालून जन्मभर सरळ बांधत बसलो असतो की. घरात राहून.’

‘मग चिरा खाली का ठेवलास?’

‘तुम्ही बोलून बसलात. तुमच्या पुढ्यात मी कसा बोलू?’

बायकोने चहा आणला. त्याने तिच्याकडे मोदकांची चौकशी केलीन, घरच्या गणपतीचं सांगितलंन, एक लाडूही खाल्लान. मला सांगायचं होतं की बाबा, चुकलं माझं.  चिरा उतरवून परत लावायचं मी इतक्यांना शिकवलं, पण एवढे तीन शब्द मला लावता येईनात. शेवटी म्हटलं, ‘लाडू घे आणखी एक.’

‘नको. संध्याकाळची गाडी आहे.’

एरवी उठताना तो माझ्या पायांना हात लावायचा. सहा महिने रोज, मुंबईला जातानासुद्धा. या वेळी चपला घातल्यान, बायकोला ‘येतो काकू’ म्हणाला, आणि गेटातून बाहेर पडला.

बरोबर केलंन.